सेफ्टी कुणी शिकायची?

"सर, सेफ्टीला स्कोप आहे का हो?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला जितक्या पालकांनी विचारला, तितका पंचवीस वर्षांच्या शिकवण्याच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. कारण उघड आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीबद्दलची नवी संहिता देशात लागू झाली. जुन्या कारखाने कायद्यात साधारणपणे हजार कामगारांच्या कारखान्याला सेफ्टी ऑफिसर नेमावा लागे. आता ती मर्यादा पाचशेवर आली, धोकादायक प्रक्रिया चालते तिथे अडीचशेवर, बांधकामावरही अडीचशेवर. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, जागा वाढणार, तेव्हा पोराने बीएस्सी करून इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा करावा. इथे नाही जमलं तर आखातात नोकरी ठेवलेलीच आहे. दुसरा तट म्हणतो, हा सगळा प्रमाणपत्रांचा बाजार आहे. डोक्यावर हेल्मेट घाला आणि पाय जपून टाका हे सांगायला कॉलेज कशाला, ती तर साधी अक्कल आहे. दोघं हमरीतुमरीवर येतात. पण एक गोष्ट दोघांनीही न बोलता मान्य केलेली असते: सेफ्टी शिकणं हे कुणातरी एका वेगळ्या माणसाचं काम आहे. वाद फक्त त्या माणसाला पगार किती मिळेल एवढाच.

मला ही मान्यताच मुळात घातक वाटते. कामाच्या जागेची सुरक्षितता आणि कामगाराचं आरोग्य हा विषय कॉलेजात शिकवायलाच हवा, पण तो सर्वात आधी त्यांना, जे पुढे मशीन निवडणार, शेड बांधणार, टार्गेट ठरवणार, रसायन मागवणार आणि आजारी कामगाराला तपासणार आहेत. यंत्र अभियांत्रिकीच्या, केमिकलच्या, सिव्हिलच्या, आयटीआयच्या, एमबीएच्या आणि एमबीबीएसच्या मुलाला हा विषय आल्याशिवाय पदवी मिळता कामा नये. सेफ्टी ऑफिसरचा वेगळा अभ्यासक्रम त्यानंतर येतो.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. डिप्लोमा झाल्या झाल्या भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. शेडमध्ये बारा पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारी यंत्रं. सात नंबरची प्रेस जुन्या की-क्लचची होती. या क्लचचं असं असतं की पेडल दाबल्यावर त्यातली की, म्हणजे खुंटी, एकदा खाचेत बसली, की रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली जाऊन पुन्हा वर येईपर्यंत प्रेस थांबत नाही. मधेच कुणी ओरडलं, कुणी स्विच पाडला, तरी फेरा पूर्ण होतोच. आणि की झिजली किंवा तिची स्प्रिंग ढिली पडली, तर वर आलेला रॅम कधीकधी आपण होऊन पुन्हा खाली येतो. मशीन लावून देणाऱ्या सेटरने मला आठवडाभर आधी सांगितलं होतं, "साहेब, सात नंबर मधेच डबल मारतीय." मी मेंटेनन्सच्या वहीत नोंद केली आणि रात्रपाळीचं टार्गेट गाठायच्या मागे लागलो. तीन रात्रींनी एका ऑपरेटरची दोन बोटं डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, गेली. त्याने पेडल एकदाच दाबलं होतं. जॉब, म्हणजे कापलेला तुकडा, काढायला हात आत घातला आणि रॅम परत आला. प्रथमोपचाराच्या पेटीला कुलूप होतं, किल्ली दिवसपाळीच्या क्लार्ककडे. हातरुमालात हात गुंडाळून त्याला रिक्षात बसवलं. सकाळी अपघाताचा फॉर्म माझ्यापुढे आला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा", आणि खाली सही केली. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

मला तसं का वाटलं, हा या लेखाचा सगळा मुद्दा आहे. प्रेसला किती टन जोर लागेल हे मी डोळे मिटून काढू शकत होतो: कापाची परिमिती, पत्र्याची जाडी आणि धातूची शिअर स्ट्रेंथ यांचा गुणाकार. डायमधला क्लिअरन्स किती ठेवायचा हे मला पाठ होतं. क्लचचे प्रकार आकृत्यांसह लिहून मी मार्क मिळवले होते. पण की-क्लचची प्रेस मधेच थांबत नाही, म्हणून तिच्यासमोर हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा लावून काही उपयोग नाही, तिला हात जाणारच नाही असा पक्का गार्ड लागतो, हे एकही वाक्य तीन वर्षांत माझ्या कानावर पडलं नव्हतं. ज्ञानाचा अर्धा भाग मला दिला होता आणि उरलेला अर्धा कुणातरी सेफ्टीवाल्याचा म्हणून बाजूला ठेवला होता. आमच्या शेडमध्ये मात्र तो सेफ्टीवाला नव्हता. सगळे मिळून आम्ही साठ-सत्तर माणसं; कायद्याने तो असायची गरजही नव्हती. नव्या संहितेनेही तो तिथे आला नसता.

इथेच स्कोपवाल्यांचा हिशेब चुकतो. मर्यादा हजारावरून पाचशेवर आली हे चांगलंच झालं, पण महाराष्ट्रातला कामगार बहुतेक ठिकाणी अडीचशेच्या खालीच काम करतो. पिंपरी-चिंचवडच्या गल्ल्यांतली शेड घ्या, इचलकरंजीचा यंत्रमाग घ्या, सातपूर-अंबडचं फॅब्रिकेशन घ्या, वाळूजचे छोटे व्हेंडर घ्या. ७ जून २०२१ ला मुळशी तालुक्यात उरवड्याला रसायनाच्या कारखान्यात आग लागून १७ कामगार गेले, बहुतेक बायका. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या करणाऱ्या शेडला आग लागली, तिथेही बळी पडल्या त्या बहुतेक बायकाच. अशा जागी ज्वलनशील माल कुठे ठेवायचा, भरणं आणि पॅकिंग एकाच खोलीत करायचं की नाही, बाहेर पडायला दारं किती, हे कोण ठरवतं? मालक ठरवतो, त्याचा सुपरवायझर ठरवतो, शेड आखून देणारा ठरवतो. यांच्यापैकी कुणालाच सेफ्टी शिकवलेली नसेल, तर राज्यातल्या सगळ्या सेफ्टी ऑफिसरांची संख्या दुप्पट केली तरी त्या दाराला काय फरक पडणार?

डोंबिवलीचंही तेच. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, आठ वर्षांच्या अंतराने एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये दोन स्फोट झाले. दुसऱ्या वेळी पहिल्या काही तासांत सगळीकडे "बॉयलर फुटला" अशाच बातम्या होत्या. रसायनांची क्रिया ज्या बंद भांड्यात घडवतात, त्या रिअॅक्टरचं नाव नंतर आलं. याला मी नुसती शब्दांची चूक मानत नाही. बॉयलरला १९२३ पासून स्वतंत्र कायदा आहे, त्याची तपासणी होते, तो चालवणाऱ्या माणसाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. रिअॅक्टरमध्ये थंड पाणी बंद पडलं तर किती मिनिटांत रासायनिक क्रिया हाताबाहेर जाईल, हे ज्याला माहीत असायला हवं त्याच्यासाठी अशी कुठली परीक्षा आहे?

अशी परीक्षा घेणं अशक्य नाही. आपल्याच देशातल्या एका धंद्यात ती फार पूर्वीपासून आहे. खाणीत. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणींत मॅनेजर व्हायचं तर नुसती मायनिंगची पदवी पुरत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा देऊन सक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. हवा खेळवणं, मिथेन वायू, छताला आधार, पाण्याचा धोका, कायदा, हे सगळं त्यात येतं. ही कल्पना ब्रिटनमधून आली. तिथे १८६२ मध्ये हार्टली खाणीत एकुलत्या एका विहिरीच्या तोंडावर पंपाची तुळई कोसळली आणि २०४ माणसं खाली कोंडून मेली. त्यानंतर बाहेर पडायला दुसरी वाट असावी हा कायदा झाला, आणि १८७२ मध्ये प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने खाण चालवायची नाही हाही. त्या कायद्यामागचा विचार नीट पाहा. खाणमालकाने एक सुरक्षा अधिकारी नेमावा असं म्हणून तो थांबला नाही. जो कोळसा काढायचा हुकूम देतो, त्याच्याच डोक्यात हे ज्ञान असलं पाहिजे, असं त्याने ठरवलं. खाणीतले अपघात त्याने संपले का? नाही. २७ डिसेंबर १९७५ ला चासनाल्यात पाणी घुसून ३७५ माणसं गेली. पण म्हणून खाणीच्या मॅनेजरची परीक्षा बंद करा, असं कुणी म्हटलं नाही. मग कारखान्याच्या मॅनेजरला ही अट आपण कधीच का लावली नाही?

मला वाटतं, याचं उत्तर आपल्या इतिहासात आहे. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. या मागण्या आपल्या शाळेच्या पुस्तकातही येतात. त्याच अर्जातली एक मागणी मात्र फारशी सांगितली जात नाही: कामावर जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. पट्ट्यात अडकलेला हात म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर ३९ वर्षांनी, १९२३ मध्ये आला. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ मध्ये, केंद्रात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचं कार्यालय उभं राहिलं. शीवची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट ज्या संचालनालयाची आहे, त्याचं मूळ तेच. १९४८ चा कारखाने कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने सेफ्टी ऑफिसर आला. भोपाळनंतर १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण कायद्यात घातलं गेलं. या एकेका पायरीसाठी माणसांनी जीव दिला आहे. पण सगळ्या पायऱ्या कारखान्याच्या आत राहिल्या. कॉलेजच्या दारापर्यंत त्यातली एकही आली नाही. भोपाळ होऊन चाळीस वर्षं उलटली, तरी केमिकल इंजिनिअरिंगच्या किती वर्गांत मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी गेल्यावर नेमकं काय घडलं, त्या दिवशी रेफ्रिजरेशन का बंद होतं, वायू धुणारा स्क्रबर आणि तो जाळून टाकणारा फ्लेअर का उपयोगी पडले नाहीत, हे फळ्यावर मांडून शिकवलं जातं?

आता विरोधी बाजू. ती कच्ची नाही, म्हणून सविस्तर घेतो.

सर्वात वजनदार आक्षेप असा: शिकवून काय होणार, प्रश्न अंमलबजावणीचा आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माणसं पुरेशी नाहीत, तपासणी दुर्मीळ, दंड किरकोळ, खटले वर्षानुवर्षं. मालकाला सगळं कळत असतं, त्याला करायचं नसतं. यातलं प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. तपासणी वाढलीच पाहिजे, शिक्षाही झाली पाहिजे. पण प्रत्येक अपघात लोभातूनच होतो हे मात्र खरं नाही, आणि याचा पुरावा दूरवर अमेरिकेत आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात टी-टू लॅबोरेटरीज नावाचा छोटा कारखाना पेट्रोलमध्ये घालायचं एक रसायन बनवत असे. १९ डिसेंबर २००७ ला त्याचा १७५ वा बॅच चालू असताना रिअॅक्टर थंड करणारी पाण्याची व्यवस्था बिघडली, क्रिया आवरली नाही आणि स्फोट झाला. चौघं मेले, ३२ जखमी. मेलेल्यांत कारखान्याचा एक मालक होता आणि तो स्वतः केमिकल इंजिनिअर होता. पैसे वाचवायला तो मरणाच्या शेजारी उभा राहिला, असं म्हणायचं का? त्याला त्या क्रियेचा धोका पुरता कळलाच नव्हता. चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने कारखान्याचे दोष दाखवले आणि तिथेच न थांबता केमिकल इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाकडे बोट दाखवलं: क्रिया हाताबाहेर कशी जाते हे पदवीला शिकवा. पुढे तिथल्या पदव्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेने आपल्या निकषांत प्रक्रियेतल्या धोक्यांचा समावेश केला. स्फोटाच्या चौकशीतून अभ्यासक्रम बदलला, असं एक तरी उदाहरण आपल्याकडे आहे का?

आणखी एक. ज्या फॅक्टरी इन्स्पेक्टरने तपासणी करावी असं आपण म्हणतो, तो कुठून येतो? त्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून, जिथे त्याला हा विषय कुणी शिकवला नाही. अंमलबजावणी आणि शिक्षण यांना समोरासमोर उभं करणं म्हणूनच मला पटत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या स्वतःच्या स्टाफरूममधून येतो आणि तो मला जास्त टोचतो. सहकारी म्हणतात, "पर्यावरणाचं काय झालं ते पाहिलंत ना?" पाहिलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिकवा असा आदेश दिला, २००३-०४ च्या सुमारास तो विषय पदवीला सक्तीचा झाला. आज कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात पर्यावरणाचा तयार प्रोजेक्ट मिळतो, नाव बदलून सादर करायचा. नदीकाठी राहणारा मुलगा नदीकडे न बघता नदीचं प्रदूषण लिहून पास होतो. सेफ्टीही तशीच पन्नास मार्कांची झाली, तर मी तिच्या विरोधात सही करीन. व्याख्या, उद्दिष्टं, चार टिपा आणि तोंडी परीक्षेला "पीपीईचं पूर्ण रूप सांगा" असला विषय नसलेला बरा. तो शिकल्याचा खोटा विश्वास देतो.

पण त्या अनुभवातून शिकायचं ते हे की वेगळा कप्पा करू नका. सेफ्टी जिथे मूळ विषय आहे तिथेच आत घाला आणि तिथेच मार्क कापा. मशीन डिझाइनच्या पेपरात शाफ्ट, पुली आणि बेल्ट काढायला सांगता ना? मग गार्डही काढायला सांगा. गार्ड नसलेल्या ड्रॉइंगला अर्धे मार्क. रिअॅक्टरचं गणित घालता ना? मग थंडाव्याचं पाणी बंद पडलं तर तापमान कुठे जाईल, हा त्याच गणिताचा पुढचा भाग करा. सिव्हिलच्या एस्टिमेटमध्ये सिमेंट आणि सळईबरोबर परांची, जाळी आणि सेफ्टी बेल्टचा खर्च धरलेला नसेल, तर ते एस्टिमेट चुकीचं. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर उचलणारं अवजड यंत्र कोसळून २० माणसं मेली. गर्डर कसा चढवायचा, त्या वेळी खाली आणि वर कोण असेल, हा विचार पुलाच्या डिझाइनचाच भाग आहे असं मुलाला दुसऱ्या वर्षापासून वाटायला नको का? ब्रिटनने १९९४ च्या नियमांत बांधकामाच्या डिझायनरवरही सुरक्षिततेची जबाबदारी टाकली. अभ्यासक्रम आधीच भरलेला आहे, नवं कुठे बसवणार, या तक्रारीलाही हेच उत्तर आहे. एक तासही वाढवायचा नाही. आहे त्या तासातलं अर्धवट राहिलेलं पुरं करायचं आहे.

तिसरा आक्षेप सर्वात जुना. अपघात कामगाराच्या चुकीने होतात, तेव्हा शिकवायचं तर कामगाराला शिकवा. या समजुतीचं मूळ सांगता येतं. अमेरिकेत हर्बर्ट हाइनरिक नावाचा विमा कंपनीतला माणूस होता. १९३१ मध्ये त्याने मांडलं की शंभरातले ८८ अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात. हा आकडा जगभर गेला, आपल्या सेफ्टीच्या वर्गांतही आजवर सांगितला जातो. पण तो काढला कशावरून? अपघातांच्या नोंदींवरून. आणि त्या नोंदी कोण लिहितं? माझ्यासारखा सुपरवायझर. त्या रकान्यात मी जे लिहिलं तेच हजारो सुपरवायझरांनी लिहिलं, त्याची टक्केवारी झाली, टक्केवारीचा सिद्धांत झाला आणि तो सिद्धांत शिकून नवे सुपरवायझर तयार झाले. कामगाराकडून चूक होते, हे कोण नाकारेल? रात्री तीन वाजता, आठशेव्या स्ट्रोकला, कुणाचाही हात अर्धा सेकंद मागे राहणारच. त्या अर्ध्या सेकंदाची किंमत दोन बोटं असावी की एक वाया गेलेला पत्रा, हे मात्र कामगार ठरवत नाही. ते मशीन घेणारा ठरवतो. सुरक्षिततेच्या शास्त्रात म्हणूनच क्रम लावलेला आहे: धोका काढून टाका, नाहीच निघत तर कमी धोक्याचं काही वापरा, मग आड काही बसवा, मग कामाची पद्धत बदला, आणि हातमोजे-हेल्मेट अगदी शेवटी. आपण हेल्मेटपासून सुरुवात करतो आणि तिथेच संपवतो. "सेफ्टी म्हणजे साधी अक्कल" म्हणणाऱ्यांना हा क्रम माहीत नसतो, आणि तो अकलेने सुचतही नाही. शिकावा लागतो.

याचा अर्थ सेफ्टीचा डिप्लोमा करणाऱ्या मुलांना मी कमी लेखतो असा नाही. उलट, वर्षभर पैसे साठवून मराठवाड्यातून, विदर्भातून ती मुलं येतात, त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. हवेतली धूळ मोजणं, आवाजाची मात्रा काढणं, मोठ्या प्लांटचा एकेक व्हॉल्व्ह घेऊन "हा उघडाच राहिला तर?" असं विचारत जाणं ही तज्ज्ञाची कामं आहेत आणि तज्ज्ञ लागतोच. पण आज त्या मुलाला नोकरी लागली की काय होतं? प्रोडक्शन मॅनेजर त्याला मॉक ड्रिल, ४ मार्चच्या सुरक्षा दिनाचे फलक आणि रजिस्टरं यांच्यात गुंतवून ठेवतो. तो लाइन थांबवा म्हणाला तर ऐकणाऱ्याला तो काय म्हणतोय हेच कळत नाही. तज्ज्ञाचं ऐकायचं, तर ऐकणाऱ्यालाही त्या भाषेतली बाराखडी आली पाहिजे.

डॉक्टरांबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण आरोग्याचा भाग नेहमी सुरक्षेच्या सावलीत जातो. बोटं तुटली की दिसतात. फुप्फुसं वीस वर्षं झिजतात आणि कुणाला दिसत नाहीत. तीनशे वर्षांपूर्वी इटलीत रामाझिनी नावाच्या वैद्याने सांगून ठेवलं की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एक भर घाला: तू काम काय करतोस? दगडखाणीतला मजूर खोकत येतो, त्याला क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचा विचार होतोच असं नाही. जुन्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती आणि त्यातला रोग कारखान्यातल्या कामगाराला झालेला आढळला तर तपासणाऱ्या डॉक्टरने तो कळवायचा, अशी ८९ व्या कलमाची सक्ती होती. आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून पाहा, असा एक तरी रोग त्यांनी कधी कळवला का. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तिथे ना कारखाना होता, ना सेफ्टी ऑफिसर असण्याची शक्यता. होते ते कृषी पदवीधर, औषध विकणारे दुकानदार आणि गावातले डॉक्टर. या तिघांच्या शिक्षणात हा विषय असता, तर काही फवारण्या वेळेत थांबल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी प्रेस टूलच्या पेपरात मी एक प्रश्न घातला: दिलेल्या की-क्लच प्रेससाठी गार्डचं ड्रॉइंग काढा. बऱ्याच मुलांनी तो सोडून दिला. एकाने काढला, फार बरा नाही, पण काढला. तो सुट्टीत चाकणजवळच्या एका शेडमध्ये ट्रेनी म्हणून गेला. बावीस माणसं, पाच प्रेस. तिथे त्याने मालकाला विचारून भंगारातल्या सळया वेल्ड केल्या आणि एका प्रेसला गार्ड बसवला. चार दिवसांत ऑपरेटरने तो काढून कोपऱ्यात ठेवला, कारण पत्रा घालताना अडकत होता आणि जॉब निम्मे होत होते. रात्री नऊच्या सुमारास त्याचा फोन आला. मागे प्रेसचा आवाज येत होता, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. "सर, ऑपरेटर बरोबर बोलतोय. फट चुकली माझी. पत्रा जाईल पण बोट पोचणार नाही, अशी फट डायपासून किती लांब ठेवली तर किती चालेल? त्याचं काही गणित आहे का?" मी त्याला थांब म्हणालो, कागद-पेन्सिल घ्यायला सांगितलं, आणि पत्र्याची जाडी विचारली.